मागच्या अंगाच्या खोलीबाबत तज्ज्ञ अभिप्राय

खारशेतच्या गणराज मांदाडकरला सोमवारी सकाळी गाढविणीच्या दुधाविषयी काहीही माहिती नव्हती. दुपारी जेवताना त्याने आईला सांगितलं, की या दुधात स्निग्धांश कमी असतो आणि पूर्वीच्या राण्या त्याने अंघोळ करत. संध्याकाळी 'गाढविणीचे दूध: समज, गैरसमज आणि सर्वांगीण सत्य' हा त्याचा लेख नवी मुंबईला पोचलासुद्धा. मंगळवारी गाढवीण त्याच्या डोक्यातून निघून गेली, कारण त्या जागेवर आता लिफ्टची देखभाल यायची होती. खारशेतात लिफ्ट नाही. जिना असलेली घरंदेखील थोडीच आहेत.

खारशेत हे बोर्ली पंचतनच्या अलीकडचं, एका बाजूला भातखाचरं आणि दुसऱ्या बाजूला खाडी असलेलं गाव. इथली कर्ती माणसं मुंबईत, नाही तर आखातात. धडधाकट माणूस भर दिवसा गावात दिसला, की तो आजारी आहे किंवा सुट्टीवर आला आहे असं गाव धरून चालतं. गणराज यांपैकी काहीच नव्हता. तो फ्रीलान्स लेखक होता. गावाने या शब्दाचा अर्थ 'नोकरी सुटलेला' असा लावला होता, आणि गणराजच्या आईने गावाशी वाद घालणं केव्हाच सोडलं होतं.

नवी मुंबईत भावेश नावाचा एक उत्साही गुजराती गृहस्थ कंपनी चालवायचा. तिच्या संकेतस्थळांवर जगातल्या कुठल्याही प्रश्नाचं उत्तर मराठीत मिळायचं, आणि ते बहुतेक वेळा गणराजने दिलेलं असायचं. काम सुटसुटीत होतं. विषय आला की गणराज त्यावरचे दोन-तीन लेख वाचायचा, दुपारी जरा आडवा व्हायचा आणि दिवेलागणीपर्यंत जगात त्या विषयावरचा आणखी एक लेख वाढवायचा.

यात लबाडी होती असं कुणी समजू नये. गणराजला शिकण्याची मनापासून हौस होती. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात हे कळलं त्या दिवशी त्याला जेवण गेलं नव्हतं. मधमाशा, भूकंप, दाताचा विमा, वाळवी, जपानी चहा, काहीही येवो, तो त्यात नाकापर्यंत बुडायचा आणि दुसऱ्या दिवशी कोरडा होऊन बाहेर यायचा. फक्त कोरडा होताना सगळं गळून जायचं, एवढाच काय तो दोष.

हे सगळं रोजच्या रोज मन लावून ऐकायला एकच माणूस होतं, ते म्हणजे आरोही. ती म्हसळ्याला रक्त-लघवी तपासण्याच्या लॅबमध्ये कामाला होती. दिवसभर बाटल्यांवरची नावं वाचून कंटाळलेल्या आरोहीला संध्याकाळी फोनवर ऑक्टोपसची हृदयं ऐकायला आवडायचं, आणि गणराजही आवडायचा. दोघांचं जमलं होतं, घरी सांगून झालं होतं. प्रश्न तिच्या वडिलांचा होता. मुलगा लिहितो असं तिने सांगितलं, तर ते म्हणाले, ते झालं, पण करतो काय. अखेर त्यांनी मनाचा मोठेपणा दाखवून एकच अट घातली. मांदाडकरांच्या घरात आई-वडील, थोरला भाऊ, वहिनी आणि दोन पोरं आधीच दाटीवाटीने राहत होती. मागच्या अंगाला एक स्वतंत्र खोली उभी राहिली, तर तुळशीच्या लग्नानंतर पहिल्याच मुहूर्तावर लग्न. नाही तर पनवेलचं एक स्थळ तयारच होतं, आणि त्या स्थळाकडे खोल्या होत्या.

आता गणराजच्या धंद्यातली एक रीत सांगितली पाहिजे. भावेशच्या कंपनीत लेख कोणताही असो, त्याची शेवटची ओळ ठरलेली होती: 'अधिक माहितीसाठी स्थानिक तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.' ध्यानधारणेच्या लेखात गणराजने ती एकदा गाळली, तर भावेशचा लगेच फोन आला.

"अरे भाई, एंडिंग कशाला काढली? उद्या कोणी ध्यान करता करता पडला, तर केस माझ्यावर येणार ना?"

तेव्हापासून गणराजचा हात ती ओळ त्याला न विचारताच लिहू लागला. ती छापली जायची आणि कुणीच वाचायचं नाही, कारण तिथपर्यंत कुणी पोचायचंच नाही. ही व्यवस्था सर्वांच्या सोयीची होती आणि ती कायम चालली असती. पण अलीमियाँ कुवेतहून कायमचे परत आले.

अलीमियाँ गणराजचे शेजारी. तिकडे त्यांनी उभा जन्म गोदामात काढलेला. पेटीवरची सूचना शेवटच्या अक्षरापर्यंत वाचल्याशिवाय पेटी उघडायची नाही, ही तिथली शिस्त अंगात मुरलेली. घरामागे शोषखड्डा खणायचा म्हणून त्यांनी मोबाइलवर शोधलं, तर 'शोषखड्डा: घ्यावयाची काळजी' हा लेख निघाला. तो त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला आणि शेवटच्या ओळीचं पालन करायला थेट ग्रामपंचायतीत गेले. शोषखड्ड्याचे स्थानिक तज्ज्ञ कोण, ते लेखी कळवावं, असा अर्ज त्यांनी दिला.

ग्रामपंचायतीचे अधिकारी मितेशभाऊसाहेब हे अत्यंत नियमाचे गृहस्थ. अर्ज आला म्हणजे उत्तर गेलं पाहिजे. गावात तज्ज्ञ नाही असं लिहावं, तर ती त्रुटी ठरते, आणि त्रुटी ठरली की तिची पूर्तता करावी लागते. त्यांनी तो लेख मागवून घेतला. खाली लेखकाचं नाव होतं, गणराज मांदाडकर, खारशेत. भाऊसाहेबांनी समाधानाने उत्तर लिहिलं, की आपल्या गावी सदर विषयाचे तज्ज्ञ उपलब्ध असून ते आपल्या भिंतीपलीकडेच राहतात.

अलीमियाँ अंगणात येऊन उभे राहिले तेव्हा गणराज बर्फावर घसरण्याच्या खेळांच्या विम्यात बुडालेला होता. शोषखड्ड्याचं त्याला अक्षर आठवत नव्हतं. त्याने अलीचाचांचाच मोबाइल मागून घेतला, स्वतःचा लेख वाचला, फार आवडला, आणि गंभीर चेहऱ्याने सांगितलं, की खड्डा विहिरीपासून लांब घ्या आणि नारळाच्या मुळांत घेऊ नका. अलीमियाँनी मोबाइल परत घेऊन ते लेखाशी ताडून पाहिलं.

"लेखातपन हेच लिवलाय," ते म्हणाले. "दोघांचा एकच मत हाय. म्हंजे बात पक्की, बेटा."

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण मितेशभाऊसाहेबांना यातून एक जुनं दुखणं बरं होताना दिसलं. प्रत्येक गावाने 'ग्रामस्तरीय विषयतज्ज्ञ मंडळ' स्थापावं, असं एक परिपत्रक वरून येऊन कपाटात पडून होतं. त्याच्यासोबत विषयांची यादी होती: पाणी, सांडपाणी, पाया, छप्पर, वारा, वीज, वाळवी, मधमाशा, असे बरेच. तज्ज्ञ कोणाला म्हणावं याचीही व्याख्या होती. सदर विषयाचं वाचन केलेली, आणि त्याचा पुरावा म्हणून किमान एक लेख प्रसिद्ध झालेली व्यक्ती. गावातल्या निवृत्त अभियंत्याने आयुष्यभर पूल बांधले होते, पण लेख एकही छापला नव्हता. तो अपात्र ठरला. मधमाशांच्या पेट्या ठेवणारा एक जण होता, त्याच्याकडे फक्त मध होता. गणराजकडे मात्र प्रत्येक विषयावर लेख होता, वाळवीवर तर दोन होते आणि दोन्हींत वेगळं सांगितलं होतं.

मंडळ स्थापन झालं. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर फलक रंगवला गेला. 'पाणी' समोर 'श्री. गणराज मांदाडकर' लिहिलं, 'सांडपाणी' समोर तेच लिहिलं, आणि पुढे रंगाऱ्याचा हात दुखू लागल्यामुळे खालपर्यंत 'वरीलप्रमाणे' आलं. आईने नारळ वाढवला. आरोहीचे वडील म्हसळ्याहून मुद्दाम फलक बघायला आले. एवढ्या पदांवर असलेला जावई त्यांच्या सात पिढ्यांत झाला नव्हता. त्यांनी फलकासमोर उभं राहून फोटो काढून घेतला, नातेवाइकांना पाठवला, आणि जाताना आठवण करून दिली, की खोलीचं तेवढं बघा.

मंडळ झालं म्हटल्यावर ते वापरणं आलं. तज्ज्ञ असून सल्ला घेतला नाही असं तपासणीत निघालं तर काय, या विचाराने मितेशभाऊसाहेबांनी प्रत्येक परवानगीला अभिप्राय सक्तीचा केला. छपरावर पत्रा बदलायचा असो की कोंबड्यांचं खुराडं हलवायचं असो, कागद तज्ज्ञांकडे जाऊ लागला. वाऱ्याच्या तज्ज्ञाला विचारल्याशिवाय साखरपुड्याचा मांडव घालता येईना. बुधाजी गवंड्याने अर्ध्या गावाचे पाये घातले होते; त्यानेही कुदळ खाली ठेवली. "माजा हात चालतो," तो म्हणायचा, "पन हाताला मत न्हाय ना. उद्या कोनी इचारला, मत कुनाचा, तं काय सांगू?" आणि तो गणराजच्या ओटीवर विडी ओढत बसायचा.

गणराज खूश होता. तो अभिप्राय लिहायला बसायचा आणि त्याला जसं लिहिता येत होतं तसंच लिहायचा. 'खुराडे हलवण्यापूर्वी जाणून घ्या या महत्त्वाच्या गोष्टी', असा मथळा, खाली फायदे, तोटे, सारांश. घोटाळा शेवटी झाला. हाताला वळण पडलेलं. प्रत्येक अभिप्रायाच्या तळाला त्याने सवयीने लिहून ठेवलं, अधिक माहितीसाठी स्थानिक तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

मितेशभाऊसाहेब कागद शेवटपर्यंत वाचत. तज्ज्ञांनीच तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा असं सुचवलं आहे, तर तो घेणं भाग होतं. कागद पुन्हा गणराजकडे आला. त्याने अधिक सखोल अभिप्राय दिला आणि खाली तीच ओळ लिहिली. कागद परत आला. असे गावातले सगळे कागद गणराजच्या घरून ग्रामपंचायतीत आणि ग्रामपंचायतीतून गणराजच्या घरी फिरू लागले, आणि खुराडी जागच्या जागी राहिली. गणराजच्या लक्षात आलं तेव्हा त्याने ती ओळ गाळून पाहिली. भाऊसाहेबांनी तो अभिप्राय अपूर्ण म्हणून परत पाठवला, कारण आधीच्या प्रत्येक अभिप्रायात ती होती आणि मंडळाची तशी प्रथा पडली होती.

याच सुमारास त्याने स्वतःच्या खोलीचा अर्ज दिला. पावसाळा सरत आला होता आणि आरोहीच्या घरी पनवेलच्या स्थळाचा विषय पुन्हा निघाला होता. चिरे येऊन पडले होते, बुधाजी तर ओटीवर होताच. पाया, पाणी, छप्पर, वारा आणि वाळवी एवढ्या तज्ज्ञांचे अभिप्राय लागणार होते. गणराजला वाटलं, हे एक काम तरी एका बैठकीत होईल. त्याला बोलावणं आलं.

"अर्जदाराशी तुमची ओळख आहे का?" मितेशभाऊसाहेबांनी विचारलं.

"भाऊसाहेब, अर्जदार मीच आहे."

"म्हणजे निकटची ओळख." त्यांनी तशी नोंद घेतली. "मग तुम्हाला अभिप्राय देता येणार नाही. हितसंबंध येतो."

गणराजने राजीनामा देऊ केला. तो स्वीकारायला मंडळाची शिफारस लागत होती, आणि मंडळ म्हणजे तोच. शिवाय स्वतःच्या राजीनाम्यात त्याचा हितसंबंध होता. भाऊसाहेब माणूस म्हणून वाईट नव्हते; त्यांना गणराजची खरंच कीव आली. शेजारच्या गावांतून तज्ज्ञ मागवू म्हणाले आणि त्यांनी तशी पत्रं धाडली. उत्तरं लवकर आली. खारशेतचं मंडळ वरच्या बैठकीत आदर्श ठरलं होतं, म्हणून आसपासच्या गावांनी खारशेतचा फलक जसाच्या तसा उतरवून घेतला होता, नावासकट. या किनाऱ्यावर आता वाऱ्यापासून वाळवीपर्यंत गणराजशिवाय कुणीच नव्हतं.

गणराज त्या दिवशी आपला पायावरचा लेख पुन्हा काढून वाचत बसला. मग त्याला आठवलं, की पायावर लिहिताना त्याने नेत्रा नावाच्या एका बाईंचा लेख आधाराला घेतला होता. काय सुरेख लेख होता. जणू त्याच्याच मनातलं लिहिलं होतं. त्याने भावेशला फोन करून बाईंचा पत्ता मागितला.

"कोण नेत्रा? अरे, ते तर तूच आहेस," भावेश म्हणाला. "तुझं जुनं मटेरियल हतुं, मी नाव बदलून परत टाकलं. घराचा टॉपिक लेडीजच्या नावानं सारो चालतो."

गणराजने फोन ठेवला. म्हणजे पायाविषयी त्याला जे माहीत होतं, ते त्याने स्वतःकडूनच शिकून घेतलं होतं, आणि मूळचं कुठून आलं ते आता देवाला माहीत. आपण रोज नवं काही शिकतो याचा त्याला फार अभिमान होता. त्या अभिमानाला पहिल्यांदाच तडा गेला आणि त्याला खरंच वाईट वाटलं.

रविवारी आरोही आली. रडायला नाही, वाचायला. तिने भाऊसाहेबांच्या घरी जाऊन परिपत्रक मागून घेतलं आणि ओसरीवर बसून बाटलीवरचं नाव वाचावं तसं वाचलं.

"व्याख्येत पहिलं काय आहे? वाचन," ती म्हणाली. "लेख हा नुसता पुरावा आहे. गणराज वाचतो, लिहितो आणि दुसऱ्या दिवशी विसरतो. वाचणारा नुसता वाचतो आणि विसरतो. दोघांना उरतं सारखंच. मग वाचणारा तज्ज्ञ का नाही?"

मितेशभाऊसाहेबांनी व्याख्या पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाले की मुद्दा बिनतोड आहे, आणि तो त्यांनी वर विचारणेसाठी पाठवला. वरून असं उत्तर यायला एरवी दोन पावसाळे जातात. हे आठवडाभरात आलं, कारण वाचून तज्ज्ञ होता येत असेल, तर वरचे सगळेच साहेब आपोआप तज्ज्ञ होत होते. निर्णय असा, की मजकूर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचणारी कोणतीही व्यक्ती तज्ज्ञ समजावी. फक्त ती अर्जदाराच्या नात्यातली नसावी आणि गावात तिची जागा नसावी.

खारशेतात शेवटपर्यंत वाचणारे एकटे अलीमियाँ, आणि त्यांची तर भिंत लागून. आरोहीचे वडील नात्यातलेच होणार होते, त्यासाठीच तर खोली हवी होती. गणराजच्या सगळ्या लेखांचे वाचनाचे आकडे भावेशकडून मागवले, तर दुसरं कुणी पहिल्या परिच्छेदापलीकडे गेल्याचं दिसेना. मग आरोहीनेच सुचवलं, की या प्रकरणाचा मजकूर जरा रंजक करून गावाबाहेर धाडावा. लोक गंमत म्हणून वाचतील, आणि निदान एक जण तरी शेवटापर्यंत येईल.

तो मजकूर हाच. वाचक महोदय, मांदाडकरांशी आपलं नातं नाही आणि खारशेतात आपली जागा नाही. आपण इथवर आला आहात, त्यामुळे आपली नियुक्ती झालेली आहे. अभिनंदन. तुळशीचं लग्न तोंडावर आलं आहे, आरोही फोनची वाट पाहते आहे, आणि बुधाजी मागच्या अंगाला कुदळ घेऊन उभा आहे. पाया किती खोल घ्यायचा, तेवढं आपण सांगायचं आहे. या मजकुरात ते कुठेही लिहिलेलं नाही, हे खरं. पण मला यातलं काय कळतं, असं कृपा करून म्हणू नका. सीमेवर सैन्य कुठे उभं करावं, व्याजदर किती ठेवावा आणि अमक्याच्या सुनेने कसं वागावं, हे गेल्या आठवड्यात चहा पिता पिता आपण सांगितलंच, तेव्हा तरी कुठे काय वाचलं होतं? तेव्हा सांगा आणि मोकळे व्हा. खोलीत राहायचं आहे ते त्या दोघांना.